पहिली करवत कुठली घ्यावी?

औजारपेटी : वाचकांचे प्रश्न आणि एका पॅटर्न मेकरची उत्तरं

गणपती झाले की या सदराकडं येणारी पत्रं वाढतात. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, त्या पाटावर रंध्या-पटाशीच्या शेजारी एखादं मशीनही असावं, असं घरी हौसेनं सुतारकाम करणाऱ्यांना वाटतं. यंदाची बहुतेक पत्रं एका जागी उभ्या राहणाऱ्या करवतींबद्दल आहेत, म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. वाळूच्या साच्यात ज्याचा ठसा घेतात तो हा नमुना. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना फुटामागं सुमारे एक अष्टमांश इंच आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी आम्ही पट्टीच वेगळी वापरायचो. अशा कामात करवत अर्धा मिलिमीटर जरी वाकडी गेली तरी पुढचा सगळा भाग वाया जातो. मशीनबद्दल माझी जी काही मतं आहेत ती तिथं तयार झालेली आहेत.

प्रश्न : काका, मी बँकेतून निवृत्त झालोय, राजारामपुरीत राहतो. गच्चीवर दहा बाय चौदाचं पत्र्याचं शेड आहे. नातीसाठी अभ्यासाचं टेबल, पुस्तकांचं कपाट, देवघराचा चौरंग, जमलं तर एक दिवाण करायचा आहे. बजेट पंचेचाळीस हजार, त्याच्या वर नाही. यूट्यूबवर सगळे टेबल सॉच घ्या म्हणतात. एक दुकानदार माइटर सॉ घ्या म्हणाला. पहिलं मशीन कुठलं घेऊ?

उत्तर : साहेब, तुम्ही काय करणार, जागा किती आणि पैसे किती, हे तिन्ही लिहिलंत. एवढं कळलं की उत्तर देता येतं.

माइटर सॉ आधी बाजूला ठेवू. ती लाकूड फक्त आडवं तोडते. पाय, आडण्या, चौकटीचे तुकडे एका मापाचे तोडायला ती उत्तम, पण फळी लांबीत फाडायला तिचा उपयोग नाही. साधी, न सरकणारी दहा इंची माइटर सॉ पाच इंचांच्या आसपासच रुंदी तोडते. तेवढं काम हातकरवत आणि गुण्या घेऊन तुम्ही आजही करू शकता. पंचेचाळीस हजारातला मोठा वाटा तिच्यात घालू नका.

राहिल्या दोन, टेबल सॉ आणि बँडसॉ. टेबल सॉमध्ये गोल ब्लेड टेबलाच्या फटीतून वर आलेलं असतं, बँडसॉमध्ये दोन चाकांवरून दातांची अखंड पट्टी फिरते. व्हिडिओत टेबल सॉ मधोमध दिसते त्याचं कारण तिथली गॅरेजं. मोटारगाडी मावेल एवढी जागा, मशीनच्या पुढं-मागं मोकळी जमीन. तुमच्या शेडची लांबी चौदा फूट. आठ फुटांची फळी फाडायची तर मशीनच्या अलीकडं आठ फूट आणि पलीकडं आठ फूट लागतात. बँडसॉलाही तेवढेच लागतात, पण ती भिंतीकडेला उभी राहते आणि चाकं लावून फिरवता येते. कुठलंही मशीन घ्या, ते दाराच्या रेषेत ठेवा, म्हणजे लांब फळी दारातून बाहेर जाईल. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही खिडकीची एक काच काढून तिथनं फळ्या बाहेर काढायचो.

आता कामाकडं बघू. कपाट तुम्ही प्लायचंच करणार. आठ बाय चार, अठरा मिलिमीटरचा प्लायचा ताव तीस किलोच्या वर भरतो. तो एकट्यानं छोट्या टेबल सॉवर ढकलायचा म्हणजे ताव डुलणार, फेन्सपासून (लाकूड टेकवून ढकलायची बाजूची सरळ पट्टी) सुटणार आणि ब्लेडवर आवळणार. तुमच्या वयाला हे मला मान्य नाही. प्लायच्या बऱ्याच दुकानांत मोठं पॅनेल कटिंग मशीन असतं. कागदावर मापं लिहून न्या, तिथंच कापून घ्या. गच्चीवर चार तुकडे चढवणं हे अख्खा ताव जिन्यातून नेण्यापेक्षा सोपंही आहे.

मग उरतं घनलाकडाचं काम. चौरंग, टेबलाचे पाय, दिवाणाच्या पाट्या. त्यासाठी मी तुम्हाला बँडसॉ घ्या म्हणेन, आणि हे पूर्ण विचारानं म्हणतो.

बँडसॉची पट्टी वरून खाली जाते, म्हणजे लाकडाला टेबलावर दाबते. लाकूड तुमच्या अंगावर फेकायची ताकद तिच्या चालीतच नाही. गोल ब्लेडचं तसं नाही. दहा इंची ब्लेड मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर त्याच्या दाताचा वेग तासाला १९० किलोमीटर होतो. चौदा इंची चाकांच्या बँडसॉची पट्टी साधारण ५५ किलोमीटरनं धावते. दोन्ही बोट कापतात, यात शंका नको, खाटीक हाडं कापायला हेच मशीन वापरतात. पण चूक झाल्यावर सावरायला बँडसॉ तुम्हाला एक क्षण तरी देते.

दुसरं कारण लाकडाचं. साग काय भावानं मिळतो हे टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारली की कळतं. टेबल सॉचं ब्लेड दर कापाला तीन मिलिमीटर भुसा करतं, बँडसॉ एक मिलिमीटरच्या आसपास. चाळीस मिलिमीटरच्या फळीतून सहा मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या असतील तर गोल ब्लेडवर चार निघतात, बँडसॉवर पाच. आणि फळी उभी धरून जाडीत चिरायची असेल तर दहा इंची टेबल सॉ एका कापात तीन इंचांच्या थोडं वर जाते, तिथं थांबते. चौदा इंची बँडसॉ सहा इंच चिरते. गोलाई, कमानी, दिवाणाचे नक्षीदार पाय हे तर गोल ब्लेडचं कामच नाही.

तोटाही सांगतो. बँडसॉचा काप खरखरीत येतो. त्यावर रंधा मारल्याशिवाय सांधा बसत नाही. ज्याला हातानं रंधा मारायचा कंटाळा आहे त्यानं बँडसॉ घेऊ नये. तुम्हाला रोज सकाळी दोन तास आहेत, तुम्हाला जमेल.

बजेटमध्ये चौदा इंची नवी बसणं कठीण, दहा ते बारा इंची बघा. हा आकडा चाकाच्या व्यासाचा असतो, कापाच्या उंचीचा नाही. उंची वेगळी विचारा आणि टेपनं मोजून खात्री करा. चाकं हातानं फिरवून समोरून बघा, डुलताहेत का. पट्टीला जागेवर धरणारे मागचे आणि बाजूचे गाइड स्क्रूनं सहज पुढं-मागं होतात का ते बघा. टेबल ओतीव बिडाचं असेल तर चांगलं. पत्र्याचं असेल तर त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का पाहा.

सगळे पैसे मशीनमध्ये घालू नका. चार-पाच हजार पट्ट्यांसाठी ठेवा. मशीनबरोबर येणारी पट्टी बहुतेक वेळा सुमार असते, आणि त्या पट्टीवरून लोक मशीनलाच नावं ठेवतात. लांबीत फाडायला अर्धा इंच रुंद, इंचाला तीन-चार दातांची. गोलाईला पाव इंच रुंद, सहा दातांची. पाव इंची पट्टी साधारण पाऊण इंच त्रिज्येपर्यंत वळते, अर्धा इंची अडीच इंचांच्या खाली वळवू नका, तुटेल. पट्टीची नेमकी लांबी मशीनच्या पुस्तिकेत असते, ती शेडच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवा. उरलेल्या पैशात एक चांगला लोखंडी रंधा घ्या.

प्रश्न : दादा, मी उचगावचा. आयटीआय झालंय. प्लायच्या टेबलाखाली मार्बल कटर उलटा बसवून मी स्वतः टेबल सॉ बनवली, खर्च साडेचार हजार. बटण लॉक करून ठेवतो आणि वरून पट्ट्या फाडतो. मस्त चालतेय. पण दोनदा लाकूड मागं उडालं. ब्लेड बदलू का?

उत्तर : भावा, ब्लेड बदलून हे थांबणार नाही. ते टेबल आजच सोड. कटर काढ, टेबलावर दुसरं काही काम कर.

तुझ्या हाताला कौशल्य आहे, पत्राबरोबर पाठवलेला फोटो बघितला, टेबलाच्या कडा नीट घासल्या आहेत. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

गोल ब्लेडचे तुझ्याकडचे दात लाकडाला खाली दाबतात. पलीकडचे, मागचे दात वर येत असतात. लाकूड कापलं गेल्यावर त्याच्या आतला ताण सुटतो आणि चीर कधी उघडते, कधी मिटते. मिटली की मागचे दात आवळले जातात, लाकूड उचलतात आणि ब्लेडच्या वेगानं तुझ्याकडं फेकतात. हे थांबवण्यासाठी ब्लेडच्या मागं, अगदी जवळ पण ब्लेडला न टेकता एक पोलादी पात उभी असते, तिला रायव्हिंग नाईफ म्हणतात. ती चीर मिटू देत नाही. जाडी ब्लेडच्या कापापेक्षा किंचित कमी, ब्लेडच्या चकतीपेक्षा किंचित जास्त, आणि ब्लेड वर-खाली केलं की ती बरोबर हलते. तुझ्या टेबलात ती नाही आणि मार्बल कटरला ती नीट बसवताही येत नाही.

शिवाय मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. तो दगड-फरशीसाठी बनवलेला आहे, हातात धरून वापरण्यासाठी. त्यात दात असलेलं लाकडाचं ब्लेड घालायचं आणि बटण लॉक करायचं, म्हणजे गडबड झाली तर बंद करायला टेबलाखाली वाकावं लागणार. चार इंची ब्लेड कापतंही जेमतेम सव्वा इंच.

मी १९८४ साली शिकाऊ होतो. आमच्या शॉपमध्ये मोठी गोल करवत होती, मागची पात कधीच काढून कोपऱ्यात टाकलेली, कारण ती काम अडवते असं सगळे म्हणायचे. मी सागाची तीन फुटांची पट्टी फाडत होतो. पट्टी एका बाजूला कच्ची होती, चीर मिटताना मला दिसली, पण काय होतंय ते कळायच्या आत हातातलं लाकूड गेलं होतं. आवाज मागून आला. पट्टी माझ्या कमरेजवळून जाऊन मागच्या पत्र्याच्या कपाटात घुसली होती. टोक आत, उरलेली बाहेर, आणि थरथरत होती. माझ्या बनियनला डाव्या बाजूला फाटलेली रेघ. वस्तादांनी मशीन बंद केलं, मला हात दाखवायला सांगितलं, दहाही बोटं मोजली. मग त्यांनी कोपऱ्यातली पात शोधून काढली, कापडानं पुसली आणि स्वतः बसवली. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आधीच अर्धी होती. त्या दिवसापासून मी ब्लेडच्या रेषेत उभा राहिलेलो नाही, डावीकडं एक पाऊल बाजूला उभा राहतो. आणि पात नसलेल्या करवतीला हात लावलेला नाही.

तुला पट्ट्या फाडायच्या आहेत तर सात इंची हातातली सर्क्युलर सॉ घे आणि ती सरळच धर. लाकूड क्लॅम्पनं टेबलाला आवळ, वर सरळ पट्टी आवळ, पट्टीच्या कडेनं मशीन चालव. इथं लाकूड जागेवर राहतं आणि मशीन फिरतं, दोन्ही हात मशीनच्या मुठीवर असतात. सव्वा दोन-अडीच इंच जाडी कापते. पैसे साठले की खरी टेबल सॉ घे. ती बघताना दुकानात काय विचारायचं ते सांगतो.

रायव्हिंग नाईफ आहे का आणि ब्लेडबरोबर वर-खाली होते का, हा पहिला प्रश्न. नसेल तर मशीन कितीही स्वस्त असो, दुकानातून बाहेर ये. मग फेन्स. तो आवळून पलीकडच्या टोकाला अंगठ्यानं दाब दे. हलला तर तो फेन्स कामाचा नाही. मग बटण. मोठं लाल, समोर, हात गुंतलेले असले तरी मांडीनं दाबता येईल असं. आणि शेवटची गोष्ट, जी दुकानदार स्वतःहून सांगत नाही : मशीन चालू असताना भिंतीवरचा बोर्ड बंद करायला सांग आणि पुन्हा चालू करायला सांग. मशीन आपोआप फिरायला लागलं तर ते घेऊ नको. आपल्याकडं पावसाळ्यात लाइट जाते, माणूस ब्लेडजवळचा भुसा झाडायला लागतो, आणि लाइट येते. चांगल्या मशीनचं बटण एकदा वीज गेली की खाली पडतं, पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

ब्लेडच्या मधल्या भोकाचं मापही लिहून आण. दहा इंची ब्लेडं आपल्याकडं ३० मिलिमीटर आणि २५.४ मिलिमीटर, दोन्ही भोकांची मिळतात. चुकीचं ब्लेड वायसर घालून बसवायचं नाही.

प्रश्न : आमच्या शुक्रवार पेठेतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये जुनी देशी बनावटीची टेबल सॉ आहे. ओतीव टेबल, दोन एचपीची मोटर, पट्ट्यावर चालणारी. वीस हजार सांगताहेत. नव्या हलक्या मशीनपेक्षा जुनं बीड बरं, असं वडील म्हणतात. घ्यावी का?

उत्तर : वडील बरोबर सांगताहेत, बिडाचं वजन करवतीचं थरथरणं गिळतं. बिडात आयुष्य गेलेला माणूस आहे मी, मला ते मान्य करायला आवडतं. पण शुक्रवार पेठ म्हणालात, म्हणून पहिला प्रश्न माझा : २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्या वर्कशॉपमध्ये पाणी आलं होतं का? शेजाऱ्यांना विचारा, ते भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतील.

मोटर पाण्याखाली गेली असेल तर वरून रंग मारून ती नवी दिसते. मागचं पंख्याचं झाकण चार स्क्रू काढून उघडा. आत कोपऱ्यात पंचगंगेचा गाळ बसलेला असतो, वाळलेला, बारीक, नखानं खरवडला की तपकिरी पूड पडते. तो दिसला तर मोटरची किंमत शून्य धरा. दिसला नाही तरी वाइंडिंगवाल्याकडून मेगरनं (वीज गळते का ते मोजणारा मीटर) इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर पुन्हा भरायला लागेल, तो खर्च किमतीतून वजा करा. बेअरिंग बदलणं उद्यमनगरात फार मोठी गोष्ट नाही, शाफ्ट वाकलेला असेल तर मात्र सोडून द्या.

मोटर सिंगल फेज आहे की थ्री फेज, नेमप्लेटवर वाचा. जुन्या वर्कशॉपमधली बहुतेक थ्री फेजची असते आणि तुमच्या घरात सिंगल फेज कनेक्शन असेल. मोटर बदलण्याचा खर्च धरूनच बोलणी करा.

एवढं सगळं ठीक निघालं तरी एक अडचण उरते. या जुन्या मशीनना रायव्हिंग नाईफ नसते. पण यात ती बसवता येते, कारण ब्लेडमागं ओतीव बैठकीला जागा असते. चांगल्या फॅब्रिकेटरकडून पोलादी पात करून, नट-बोल्टनं आवळून, ब्लेडला नेमकी समांतर बसवून घ्या. मात्र बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ब्लेड जागेवर असतं आणि टेबल वर-खाली होतं, तिथं पात ब्लेडच्या बैठकीला धरून हवी, टेबलाला नको. पट्टा आणि पुलीवर जाळी हवीच. हे सगळं करून तीस-पस्तीस हजारांत जमलं तर घ्या, नाहीतर वीस हजारांच्या मोहात पडू नका.

प्रश्न : नमस्कार काका. मी गडहिंग्लजजवळ प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मुलांसाठी लाकडी अक्षरं, प्राणी, जिल्ह्याच्या नकाशाची कोडी करायची आहेत. आवाज आणि मोठ्या मशीनची भीती वाटते. घर छोटं आहे.

उत्तर : ताई, तुमच्यासाठी स्क्रोल सॉ. शिवणयंत्राएवढी जागा घेते आणि जवळपास तसंच चालते, बारीक पातं वर-खाली होतं, लाकूड तुम्ही बोटांनी फिरवता. सोळा इंचांची घ्या. पातं ते मागचा खांब, यातलं अंतर सोळा इंच. बारा तालुक्यांचं कोडं त्यात सहज बसेल.

दोन प्रकारची पाती असतात. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन, दुसरी सपाट, पिनेशिवाय. दोन्ही चालणारं मशीन मागा. कोड्यात आतली रेषा कापताना बारीक भोक पाडून पातं त्यातून ओवावं लागतं, पिनवालं पातं त्या भोकातून जात नाही. पाती पाच इंची असतात आणि तुटतात, त्यात तुमची काही चूक नसते, डझनावर घ्या. वेग कमी-जास्त करायचं बटण असलेलं मशीन थोडं महाग पडलं तरी घ्या.

सुरुवातीला शिवण या झाडाचं लाकूड वापरा. मऊ, एकसारखं, वाळल्यावर वाकत नाही. आम्ही पॅटर्नलाही वापरायचो. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला तक्ता) टाळा, त्याची धूळ फार बारीक असते. कुठल्याही लाकडाची धूळ फुप्फुसाला वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच लाकडाची धूळ कर्करोगकारक यादीत टाकली आहे. एन-९५ मास्क लावा, आणि घरात लहान मूल असेल तर काम झाल्यावर झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा.

प्रश्न : कागलमधून लिहितोय. नवी दोन हजार वॅटची टेबल सॉ सुरू केली की एमसीबी पडतो. कधी नुसती घुमते. दुकानदार म्हणतो मशीन ठीक आहे.

उत्तर : मशीन ठीकच असेल. दोन हजार वॅट म्हणजे चालताना नऊ अँपिअरच्या आसपास, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तुम्ही बहुधा टीव्हीच्या बोर्डातून लांबलचक बारीक वायर ओढली आहे. वायर बारीक आणि लांब असली की टोकाला व्होल्टेज पडतं, मोटर घुमते, तापते आणि एक दिवस जळते. मीटरजवळच्या बोर्डापासून अडीच किंवा चार स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन, सोळा अँपिअरचा सॉकेट, सी प्रकारचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. हे वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगला पर्याय नाही, विशेषतः पावसाळ्यात ओल्या फरशीवर.

प्रश्न : इचलकरंजीहून. सहा महिन्यांपूर्वी टेबल सॉ घेतली. पहिल्या महिन्यात छान कापायची, आता साग काळा पडतो, जळकट वास येतो, काप एका बाजूला ओढतो. नवं ब्लेड टाकलं तरी तेच.

उत्तर : ब्लेडचा दोष नाही, फेन्स ब्लेडला समांतर राहिलेला नाही. धक्क्यांनी सरकतो. घरी तपासायची पद्धत सांगतो, तिला डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापयंत्र) लागत नाही.

आधी प्लग काढा. बटण बंद करून भागणार नाही, प्लग काढून तो समोर टेबलावर ठेवा. ब्लेड पूर्ण वर करा आणि एका दातावर खडूनं खूण करा. एक काठी घ्या, टोकाला एक स्क्रू बसवा, काठी माइटरच्या खोबणीतल्या, म्हणजे टेबलावर ब्लेडच्या शेजारी असलेल्या लांब चरातल्या, सरकत्या पट्टीला आवळा. खुणेचा दात पुढं, तुमच्या बाजूला आणा. स्क्रू इतका फिरवा की तो दाताला जेमतेम घासेल, ब्लेड हातानं मागं-पुढं हलवलं की बारीक "टिक" ऐकू येईल. आता ब्लेड फिरवून तोच दात मागच्या बाजूला न्या, काठी खोबणीतून मागं सरकवा. तोच "टिक" आला तर ब्लेड खोबणीला समांतर आहे. आवाजच आला नाही किंवा स्क्रू दातावर अडला, तर फरक आहे. तोच दात वापरायचा हे महत्त्वाचं, कारण दोन वेगळे दात किंचित वेगळे असू शकतात. हे करताना शेडमधला पंखासुद्धा बंद करा, आवाज फार हळू असतो.

ब्लेड खोबणीला बरोबर झालं की मग फेन्स खोबणीशी मोजा. मागचं टोक ब्लेडकडं झुकलेलं नको. एखादा कागद मावेल इतकं ते बाहेर असलं तर हरकत नाही. झुकलेलं असेल तर लाकूड मागच्या दातांवर आवळतं, आधी काळं पडतं आणि एक दिवस मागं फेकलं जातं. जळकट वास ही त्याची पहिली खूण आहे, बरं झालं तुम्ही वेळेत लिहिलंत.

शिवाय ब्लेडचे दात बघा. साठ दातांच्या ब्लेडनं फळ्या लांबीत फाडत असाल तर साग जळणारच. लांबीत फाडायला चोवीस दातांचं, आडवं तोडायला आणि प्लायला साठ. एकच ठेवायचं असेल तर चाळीस. दातांवर सागाचं तेल आणि राळ जमून तपकिरी थर झाला असेल तर धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, लगेच कोरडं करा.

प्रश्न : राधानगरी तालुक्यातून. वादळात आमच्या परसातला जुना फणस पडला. बँडसॉ घेऊन घरीच फळ्या काढाव्यात म्हणतो. बाहेर चिरायला दिलं तर लाकूड बदलतील अशी भीती वाटते.

उत्तर : हे उत्तर बँडसॉ घेणाऱ्या सगळ्यांनी वाचा. फणस, आंबा, जांभूळ, साग ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यातल्या यादीत आहेत. झाड तुमचं असलं आणि वाऱ्यानं पडलं असलं तरी आधी वनखात्याला लेखी कळवा, पंचनामा करून घ्या, मगच तुकडे करा किंवा हलवा. ओंडके चिरणं हे आरा गिरणीचं काम, तिला परवाना लागतो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत लाकूडउद्योगांना परवान्यातून सूट देताना बँडसॉ आणि तीस सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत सुटीच्या बाहेर ठेवली आहे. म्हणून हौसेसाठी छोटी बँडसॉ घेतानाही परिक्षेत्र वन कार्यालयात मशीनचं माप आणि वापर लिहून अर्ज द्या, पोच घ्या, आणि विकत आणलेल्या चिरीव लाकडाच्या पावत्या जपून ठेवा.

फणस परवानाधारक गिरणीतच चिरून घ्या. लाकूड बदलण्याची भीती असेल तर ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांना घरच्या तेलरंगाचा जाड हात द्या. तुमचा रंग तुम्ही ओळखाल, आणि तोंडं बंद झाल्यानं लाकूड टोकाला फाटणारही नाही. समोर उभं राहून सव्वा इंच जाडीच्या फळ्या काढा. घरी आणून सावलीत, जमिनीपासून हातभर वर, प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. वर वजन ठेवा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत यायला हव्यात, नाहीतर फळ्या लाटेसारख्या वाळतात. इंचाला एक वर्ष धरा, राधानगरीच्या पावसात थोडं जास्तच. तोवर मशीन घेऊ नका, पुढच्या दसऱ्यानंतर त्यातली एक फळी रंध्याखाली घालून बघा. ताजा फणस हळदीसारखा पिवळा असतो, उजेडात राहून तो हळूहळू तांबूस होतो, म्हणून देवघर करणार असाल तर सगळ्या फळ्या एकाच ओंडक्याच्या निवडा.